छात्रालय दैनिक ते व्हॉट्सअ‍ॅप : खानदेशातील वर्ग आणि त्याची साधने

१/२६
#धागा
शाळेत व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब आणि क्यूआर कोड कधी आले, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर येते : २०२०, टाळेबंदी. धुळे जिल्ह्यापुरते तरी हे उत्तर चुकीचे आहे. येथील जिल्हा परिषद शाळांत पडदे त्याआधीच लागले होते आणि त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा गावकऱ्यांनी स्वतः उचलला होता. आजचा धागा त्या पडद्यांविषयी आणि त्यांच्या मागच्या शंभर वर्षांविषयी.

२/२६
प्रथम भूगोल. धुळे शहरातून पांझरा ओलांडली की देवपूर लागते. शाळा, महाविद्यालये, शिकवणीवर्ग आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थी ही या भागाची ओळख. त्याच जिल्ह्यात पश्चिमेला साक्रीचा डोंगराळ पट्टा आहे, उत्तरेला शिरपूर तालुक्यात सातपुड्यातील पाडे आहेत. देवपुरातल्या मुलाला सहज मिळणारे साधन त्या पाड्यावरील मुलापर्यंत कसे पोहोचते, हा प्रश्न खानदेशात मोबाइलपेक्षा पुष्कळ जुना आहे.

३/२६
१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. आपली गोष्ट सुरू होते ती पूर्व खानदेशातील अमळनेरला, १९२४ मध्ये. त्या वर्षी पांडुरंग सदाशिव साने नावाचे तरुण शिक्षक प्रताप हायस्कूलमध्ये रुजू झाले.

४/२६
साने गुरुजींकडे शाळेच्या वसतिगृहाचीही जबाबदारी आली. तेथे त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. छापखाना नाही, वर्गणी नाही. शाई, कागद आणि एका शिक्षकाची रोजची मेहनत एवढेच भांडवल. आज शिक्षक सकाळी वर्गाच्या ग्रुपवर काहीतरी पाठवतात, त्या सवयीचा हा खानदेशी पूर्वज म्हणावा लागेल.

५/२६
पण एक फरक लक्षात घ्यायला हवा. 'छात्रालय'चा लेखक आणि वाचक एकाच छताखाली राहत होते. वाचलेले कळले नाही, पटले नाही, तर मुलगा लेखकाला जेवणाच्या पंगतीत गाठू शकत होता. १९२८ मध्ये गुरुजींनी 'विद्यार्थी' हे मासिक काढले आणि त्यांचा शब्द वसतिगृहाबाहेर गेला. वाचक वाढले, तसा लेखक त्यांच्यापासून दूर गेला. साधनाचा पल्ला वाढतो तेव्हा उलट प्रश्न विचारण्याची वाट लांब होते, हा हिशेब पुढे प्रत्येक साधनाला लागू पडला.

६/२६
दुसरा प्रसंग धुळ्याच्या तुरुंगातला. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी, विनोबा भावे यांनी कैद्यांसमोर गीतेवर अठरा प्रवचने दिली. ध्वनिमुद्रणाची सोय असण्याचा प्रश्नच नव्हता. श्रोत्यांत साने गुरुजी होते. त्यांनी ती भाषणे लिहून घेतली आणि 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्या टिपणांतून उभे राहिले.

७/२६
वर्गात हजर नसलेल्यांपर्यंत वर्ग पोहोचवणे, याचे याहून चांगले उदाहरण खानदेशात सापडणे कठीण. मात्र ते घडले ते समोर बसून, समजून घेऊन लिहिणारा एक माणूस होता म्हणून. बोलणाऱ्याचा शब्द आणि दूरच्या वाचकाची गरज, दोन्ही त्याला ठाऊक होत्या. मधला हा माणूस पुढे आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे. कधी त्याची गैरहजेरी भेटेल.

८/२६
आता रेडिओ. १९५६ मध्ये आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे स्थापण्यात आली. एका मंडळात साधारण वीस माणसे. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. वर्ग मुलांचा नव्हता, प्रौढांचा होता. पण दूरच्या साधनाने शिकवता येते का, याची आपल्याकडची ही पहिली काटेकोर परीक्षा होती.

९/२६
प्रयोगाची मांडणी साधी आणि हुशारीची होती. मंडळाने कार्यक्रम एकत्र ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत. तुलनेसाठी दोन प्रकारची गावे निवडली होती : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांनी केले.

१०/२६
निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती वाढ फारच तोकडी होती. कार्यक्रम तोच, आवाज तोच. फरक होता तो ऐकल्यानंतर बोलणाऱ्या वीस माणसांचा आणि त्यांची चर्चा चालवणाऱ्या एका माणसाचा. या प्रयोगानंतर श्रोता मंडळांची कल्पना देशभर नेण्यात आली.

११/२६
मग दूरचित्रवाणी. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' प्रयोगातून उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपली पाळी इन्सॅटच्या काळात आली. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली आणि शाळकरी मुलांसाठी मराठीतून चित्रफिती तयार होऊ लागल्या.

१२/२६
बालचित्रवाणीचे कार्यक्रम ज्यांनी पाहिले त्यांना ते आजही आठवतात. प्रश्न दर्जाचा नव्हता. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे. त्या वेळी शाळेत वीज हवी, संच हवा आणि नेमका तोच धडा चालू असायला हवा. कार्यक्रम थांबवून 'हे पुन्हा दाखवा' असे कोणी म्हणू शकत नव्हते. पुण्याच्या श्रोता मंडळांना उत्तर मिळत असे, तशी वाट येथे नव्हती. अखेर २०१७ मध्ये ही संस्था बंद करण्यात आली.

१३/२६
संस्था बंद पडत होती त्याच सुमारास खेड्यांतील शाळांत पडदे लागत होते, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा येथे संदीप गुंड या शिक्षकाने जिल्हा परिषदेची शाळा टॅब्लेट आणि सौरऊर्जेवर चालवून दाखवली. ती पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासननिर्णय निघाला आणि शिक्षकांच्या अशा स्वयंस्फूर्त प्रयोगांना सरकारी बळ मिळाले.

१४/२६
धुळ्याची गोष्ट याच काळातली. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये वित्तक्षेत्रात काम करणारे हर्षल विभांडिक गावोगावी प्रेरणा सभा घेऊ लागले. सूत्र असे : डिजिटल वर्गाच्या खर्चापैकी सुमारे ७० टक्के गावाने उभे करायचे, उरलेले ते घालणार. दान पूर्ण दिले तर वस्तू 'त्यांची' राहते, आपणही पैसे घातले तर ती 'आपली' होते, हा त्यामागचा विचार.

१५/२६
काही वर्षांत जिल्ह्यातील अकराशेच्या आसपास जिल्हा परिषद शाळा या मार्गाने डिजिटल झाल्या. यातला आकडा मोठा आहेच, पण त्याहून महत्त्वाचे आहे ते पैशाचे मूळ. कोरडवाहू शेती आणि हंगामी स्थलांतर असलेल्या जिल्ह्यात लोकांनी शाळेच्या भिंतीवरील पडद्यासाठी वर्गणी दिली. पूर्वी याच गावांत सप्ताहासाठी आणि मंदिरासाठी वर्गणी निघे. त्या यादीत शाळेचे नाव आले.

१६/२६
पडद्याने काय बदलले? अहिराणी, पावरी, भिली, कोकणी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठी त्याला निम्मीअधिक परकी असते. समुद्र, रेल्वे, ज्वालामुखी हे शब्द समजावताना शिक्षकाची दमछाक होते. चित्र दाखवले की अर्धे काम होते. उरलेले अर्धे, म्हणजे त्या चित्राला मुलाच्या बोलीतले नाव देऊन मग मराठी नावाकडे नेणे, हे मात्र शिक्षकानेच करायचे असते. ते पडद्याला येत नाही.

१७/२६
सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी हेच सूत्र ओळखले होते. त्यांच्या शाळेतील अनेक मुलांची घरची भाषा कन्नड. त्यांनी ती भाषा शिकून घेतली, धडे तिच्यात आणले आणि पुस्तकावर क्यूआर कोड छापून ध्वनी व चित्रफिती जोडल्या. पुढे असे कोड बालभारतीच्या आणि एनसीईआरटीच्या पुस्तकांवर आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. बातम्यांत क्यूआर कोड गाजला. कन्नड शिकण्याचे कष्ट त्यामानाने कमी लोकांच्या लक्षात राहिले.

१८/२६
याच दशकात शिक्षकांच्या खिशात व्हॉट्सअ‍ॅप आले. सुरुवातीला ती शिक्षकांची आपापसातली शाळा होती. एका तालुक्यातील गुरुजींनी केलेला गणिताचा खेळ रात्रीतून दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचे. पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत काम करणाऱ्याला प्रथमच सहकारी मिळाले. हा लाभ खरा होता आणि त्याचे मोल कमी लेखू नये.

१९/२६
त्याच ग्रुपवरून मग हुकूमही येऊ लागले. अमुक माहिती आजच भरा, तमुक कार्यक्रमाचे छायाचित्र टाका, लिंक उघडून नोंद करा. शिक्षक संघटनांनी ऑनलाइन कामांच्या बोजाविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवला तो यामुळेच. २०१८ मध्ये फक्त ॲडमिनलाच संदेश पाठवता येतील अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपवर आली. अनेक ग्रुप त्या कुलुपात गेले. दोन्ही बाजूंनी बोलण्यासाठी घडवलेले साधन आपण सूचनाफलक करून टाकले.

२०/२६
आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. धुळे जिल्ह्यापुरता यातला विरोधाभास बोचरा आहे. गावाने वर्गणी काढून लावलेला पडदा शाळेत होता आणि शाळेलाच कुलूप होते. शिक्षण आता घरातल्या मोबाइलवर येणार होते. तो मोबाइल बापाच्या खिशात होता आणि बाप कामावर गेला की त्याच्याबरोबर जात होता. सामूहिक मालकीचे साधन निकामी झाले, खासगी मालकीचे साधन हीच पात्रता ठरली.

२१/२६
शासन हातावर हात ठेवून बसले नव्हते. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' ही रोजची अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवरून खाली शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत येऊ लागली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये 'स्वाध्याय' ही व्हॉट्सअ‍ॅपवरील प्रश्नमंजूषा आली. म्हणजे शंभर वर्षांतली सगळी साधने एकाच वेळी कामाला लागली. तरी मोठा वर्ग बाहेर राहिला.

२२/२६
'असर'च्या पाहण्यांनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. वाढ प्रचंड. पण पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले साधारण एकतृतीयांशच होती. घरात फोन असणे, तो मुलाच्या हाती येणे आणि त्यावर शिक्षक भेटणे, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

२३/२६
ज्यांनी ही तिसरी पायरी ओळखली ते वेगळ्या वाटेने गेले. पालघर-नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' चालवली. दांडवळसारख्या गावात मुले अंतर राखून बसत आणि भोंग्यावरून धडा ऐकत. राज्यभर कित्येक शिक्षक ओसरीवर, देवळाच्या पारावर, झाडाखाली पाच-सहा मुले जमवून शिकवत राहिले. १९५६ चे श्रोता मंडळ नाव बदलून पुन्हा जन्मले होते.

२४/२६
राज्यात ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल नियमित वर्गात बसले तेव्हा त्याची दुसरी अर्धी झाली होती. २०२२ च्या 'असर' अहवालात देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०.५ टक्केच होती. २०१८ मध्ये ती २७.३ टक्के होती. ज्यांना वर्गात आल्यावरच मराठी भेटते, अशा साक्री-शिरपूरच्या पाड्यांवरील मुलांसाठी या दोन वर्षांची किंमत कोणत्याही सरासरीत मावणार नाही.

२५/२६
आता शाळा सुरू आहेत, पडदेही आहेत. त्यांना वीज लागते, दुरुस्ती लागते. बिल थकल्याने जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यात वारंवार आल्या आहेत. पडद्यासाठी एकदा वर्गणी निघते, दरमहा बिलासाठी निघत नाही. तिकडे २०२३ मध्ये युनेस्कोने शिक्षणातील तंत्रज्ञानावर अहवाल काढून विचारले : हे साधन नेमके कोणाच्या अटींवर वापरले जात आहे? सदुसष्ट वर्षांपूर्वी याच संस्थेच्या साहाय्याने मराठी गावांतील मंडळांनी त्या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेवले होते.

२६/२६
ते उत्तर असे. आवाज दुरून येऊ द्या, पण ऐकणाऱ्यांना एकत्र बसवा, त्यांच्यात एक जाणता माणूस ठेवा आणि त्यांचा प्रश्न परत पोहोचेल अशी वाट मोकळी ठेवा. वर्गाचा ग्रुप चालवणाऱ्या शिक्षकाला यातून आजच करता येण्याजोगे एक काम निघते : आठवड्यातून एक तास तरी ॲडमिनचे कुलूप काढावे आणि मुलांना त्यांच्या बोलीत, आवाज ध्वनिमुद्रित करून प्रश्न विचारू द्यावेत. पावरीत आलेला प्रश्न शिक्षकाला कळला नाही, तर तो वर्गातल्याच मुलाला विचारावा.

आपल्या गावातील शाळेत पहिला रेडिओ, पहिला टीव्ही किंवा पहिला पडदा कधी आला, त्याची वर्गणी कोणी काढली आणि तो आज चालू आहे का, हे ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा. अशा नोंदी दप्तरात क्वचितच सापडतात.
धागा समाप्त.